वापरलेली स्पोर्ट्स मोटार घेतांना

वेगाची हौस मनुष्याला फार जुनी आहे. भंडारा जिल्ह्यांत ती पिढ्यान् पिढ्या शंकरपटाच्या मैदानावर भागत आली. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें या शर्यतींना बंदी झाली, आणि २०२३ सालीं त्याच न्यायालयानें महाराष्ट्राचा सुधारलेला कायदा मान्य केल्यावर त्यांचें भवितव्य निश्चित झालें. पटाची जोडी विकत घेणारा जुना शेतकरी बैलाच्या एका धांवेवर भुलत नसे. तो बैलाचे दांत पाही, खूर उचलून निरखी, खांद्यावरून हात फिरवी आणि शेवटीं विचारी, ‘हा कोणाच्या गोठ्यांतला?’ आज त्याच शेतकऱ्याचा नातू नागपूरच्या बाजारांत वापरलेली स्पोर्ट्स मोटार पाहावयास निघतो, तेव्हां आजोबांचें हें शहाणपण घरींच ठेवून जातो. आणि पुढें जो पश्चात्ताप होतो त्याचें मूळ बहुधा येथेंच असतें.

भंडारा शहरांतील एक मध्यम स्थितीचें कुटुंब कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावें. मुलगा बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतींत नोकरीला आहे. चार-पांच वर्षांत त्यानें पांच लाख रुपये शिल्लक टाकले आहेत आणि त्याला स्पोर्ट्स मोटार हवी आहे. वडिलांचें म्हणणें असें कीं, एवढ्या पैशांत चार माणसें सुखानें बसतील अशी साधी मोटार घ्यावी. आईचा प्रश्न त्याहूनहि साधा आहे : ‘रात्रीं साकोलीच्या रानांतून येतांना ती मोटार सर्वांना नीट घरीं आणील ना?’ तिघांचेंहि म्हणणें आपापल्या जागीं बरोबर आहे. तिघांचें समाधान करणारी मोटार मिळणेंहि अशक्य नाहीं. मात्र ती शोधावी लागते.

प्रथम स्पोर्ट्स मोटार कशाला म्हणावें, हें ठरविलें पाहिजे. हें नांव उच्चारतांच तरुणांच्या डोळ्यांपुढें फेरारी उभी राहते. डॉन ब्रॅडमन यांच्या २९ शतकांची बरोबरी केल्याबद्दल सचिन तेंडुलकर यांना २००२ सालीं फेरारी ३६० मोडेना ही मोटार भेट मिळाली. तिच्यावरील एक कोटीहून अधिक रुपयांच्या आयात-करावरून २००३ सालीं मोठें वादळ उठलें, आणि २०११ सालीं ती मोटार सुरतेच्या एका व्यावसायिकाकडे गेली. भेट म्हणून आलेल्या मोटारीलाहि असा खर्च चिकटतो, तर विकत घेतलेली किती महाग पडेल, याचा विचार ज्याचा त्यानें करावा.

जगांत दुसरीहि एक परंपरा आहे. १९८९ सालीं जपानच्या माझदा कंपनीनें एम्. एक्स्. ५ ही दोघांनीं बसावयाची लहानशी उघडी मोटार बाजारांत आणली. तिचें इंजिन १६०० घन सेंटिमीटरचें, म्हणजे बेताचेंच होतें. परंतु वजन हजार किलोच्या आंत राखल्यामुळें ती चालविण्याचा आनंद मोठमोठ्या मोटारींच्या तोडीचा ठरला. अमेरिकेंत व इंग्लंडांत बेताच्या मिळकतीचा मनुष्य जुनी स्पोर्ट्स मोटार शोधूं लागला कीं, त्याच्या पाहण्यांत ही मोटार हटकून येते. भारतांत ती अधिकृतपणें कधीं विकली गेली नाहीं. पण तिनें शिकविलेला धडा येथेंहि लागू आहे. स्पोर्ट्स मोटारीचा खरा आनंद अफाट शक्तींत नसून तिच्या हलकेपणांत आणि आज्ञाधारकपणांत आहे. चक्र वळवितांच जी वळते आणि ब्रेक दाबतांच जी सरळ रेषेंत थांबते, ती खरी स्पोर्ट्स मोटार.

भारतीय कुटुंबाच्या आवांक्यांतील स्पोर्ट्स मोटार म्हणजे घरगुती आकाराची, पण जोरकस इंजिनाची गाडी. आणि अशा गाड्यांशीं महाराष्ट्राचा संबंध फार जवळचा आहे. या शतकाच्या पहिल्या दशकांत मिळणारी स्कोडा ऑक्टाव्हिया आर्. एस्. ही दीडशे अश्वशक्तीची मोटार औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरजवळ, शेंद्रा येथें जोडली जाई. २०१५ सालीं निघालेली अबार्थ पुंटो रांजणगांवची. तिचें १३६८ घन सेंटिमीटरचें इंजिन १४५ अश्वशक्ति देतें. २०१३ सालची फोक्सवॅगन पोलो जी. टी. टी. एस्. आय्. ही चाकणची, तिच्या ११९७ घन सेंटिमीटरच्या इंजिनांतून १०५ अश्वशक्ति मिळते. या तिन्ही इंजिनांना टर्बो जोडलेला आहे. इंजिनांतून बाहेर पडणारा तप्त धूर एक लहान चक्र फिरवितो आणि त्या चक्राच्या जोरावर अधिक हवा इंजिनांत कोंबली जाते. त्यामुळें लहान इंजिन मोठ्याचें काम करतें. पण हें चक्र अतिशय वेगानें व मोठ्या उष्णतेंत फिरत असल्यानें त्याचें आयुष्य चांगल्या आणि वेळेवर बदललेल्या ऑइलवर अवलंबून असतें. ऑइलाकडे दुर्लक्ष करणाऱ्या मालकाची टर्बो मोटार घेणें म्हणजे दुसऱ्याचें कर्ज आपल्या डोक्यावर घेणें होय.

आतां पैशाचा हिशेब. फियाटच्या मोटारींची भारतांतील विक्री २०१९ पर्यंत संपली आणि पोलोचें उत्पादन २०२२ सालीं थांबलें. म्हणजे या मोटारी आतां केवळ दुसऱ्या हातींच मिळावयाच्या. मोटार बनणें थांबलें कीं तिची किंमत उतरते, पण सुट्या भागांची किंमत तिच्याबरोबर उतरत नाहीं. दहा लाखांची मोटार तीन लाखांना मिळाली तरी तिचा क्लच दहा लाखांच्या मोटारीचाच असतो! म्हणून ज्याच्याजवळ पांच लाख आहेत त्यानें चार लाखांचीच मोटार पाहावी आणि एक लाख पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठीं, टायरांसाठीं व विम्यासाठीं बाजूला ठेवावे. शिवाय भंडाऱ्याच्या मनुष्यानें आणखी एक गोष्ट विचारावी : हिला दुरुस्त करणारा जाणता कारागीर किती दूर आहे? नागपूर साठेक किलोमीटरवर आहे. तेथें काम होत असेल तर ठीक. प्रत्येक लहान भागासाठीं पुण्या-मुंबईकडे डोळे लावावे लागणार असतील, तर ती मोटार वर्षांतले कित्येक महिने अंगणांतच उभी राहील.

यानंतर प्रत्यक्ष पारख. बैलाचे दांत म्हणजे मोटारीचीं कागदपत्रें. नोंदणी-पुस्तकांतील इंजिनाचा व चासीचा क्रमांक मोटारीवरील क्रमांकाशीं स्वतः ताडून पाहावा. कर्जाची नोंद असेल तर ती उतरल्याशिवाय पैसे देऊं नयेत. दंडाचीं चलानें थकलीं आहेत काय, हें परिवहन खात्याच्या संगणकीय नोंदींत पाहतां येतें. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. ती संपत आली असेल तर पुनर्नोंदणीचा खर्च आधींच हिशेबांत धरावा. मोटार दुसऱ्या राज्यांतील असेल तर तेथील ना-हरकत दाखला आणि येथील कर हीं दोन्ही ओझीं घेणाऱ्यावर पडतात, हेंहि विसरूं नये.

खूर पाहावयाचे म्हणजे मोटारीच्या अंगाची तपासणी करावयाची. विदर्भांत या तपासणीला विशेष महत्त्व आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या पुरानें भंडारा शहराच्या वस्त्यांत पाणी शिरलें. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहांटे नागनदीच्या पुरानें नागपुरांत अनेक मोटारी पाण्याखालीं गेल्या. बुडालेली मोटार धुऊन-पुसून चकचकीत करतां येते. पण तिच्या आंतील विजेच्या तारांना लागलेली कीड महिन्या-महिन्यांनीं वर येते. अशी मोटार ओळखण्याची युक्ति सोपी आहे. आसनाचा सुरक्षा-पट्टा शेवटपर्यंत ओढून बाहेर काढावा; धुणाऱ्याचा हात तेथवर पोंचत नाहीं, आणि गाळाची रेघ तेथें राहते. गालिचा उचलून खालीं ओल व वास पाहावा. जादा चाकाची खांच आणि आसनाखालील लोखंडी पट्ट्या यांवर गंज आहे कां, हें पाहावें. दिव्यांच्या कांचेंत आंतून वाफ धरली असेल तर सावध व्हावें. त्याचप्रमाणें दारांच्या फटी सारख्या आहेत कीं नाहींत, बॉनेटच्या बोल्टांवरील रंग पान्यानें खरवडला आहे काय, यावरून पूर्वींचा अपघात कळतो.

इंजिन थंड असतांनाच सुरू करावयास सांगावें. विकणाऱ्यानें तें आधींच तापवून ठेविलें असेल तर त्याचें कारण विचारावें. निळा धूर म्हणजे ऑइल जळत आहे. सतत येणारा पांढरा धूर म्हणजे पाणी आंत जात आहे. काळा धूर म्हणजे इंधन अधिक जात आहे. गिअरचें महत्त्व भंडारेकरांना वेगळें सांगावयास नको, कारण लाखनी तालुक्यांतील गडेगांवच्या अशोक लेलँडच्या कारखान्यांत अवजड वाहनांच्या गिअरपेट्याच तयार होतात. वरच्या गिअरांत, कमी वेगांत असतांना ॲक्सिलरेटर दाबावा. इंजिन ओरडलें आणि मोटार पुढें सरकली नाहीं, तर क्लच संपला असें समजावें. पोलो जी. टी. सारख्या दोन क्लचांच्या स्वयंचलित मोटारीची परीक्षा मात्र मोकळ्या रस्त्यावर होत नाहीं. ती गर्दींत मुंगीच्या चालीनें न्यावी. तेथें ती हिसके देत असेल तर सोडून द्यावी.

टायर हा आईच्या प्रश्नाचा अर्धा जबाब आहे. टायराच्या कडेला चार आंकडे छापलेले असतात. २३१९ असें असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत तयार झाला. नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत झिजली कीं टायर निकामी समजावा. आणि नक्षी शिल्लक असली तरी विदर्भाच्या उन्हाळ्यांत वर्षानुवर्षें उभ्या राहिलेल्या मोटारीचें रबर आंतून वाळलेलें असतें. डिसेंबर २०२२ मध्यें नागपूरपासून समृद्धि महामार्ग खुला झाल्यावर टायर फुटून अपघात घडूं लागले, आणि २०२३ सालीं परिवहन खात्याला त्या मार्गाच्या प्रवेशावर टायर तपासावे लागले. वेगाचें सारें ओझें शेवटीं चार तळहातांएवढ्या रबरावर असतें.

स्पोर्ट्स मोटारीला एक खास रोग असतो, तो म्हणजे मालकाची फाजील हौस. इंजिनावर ताबा ठेवणाऱ्या संगणकांत फेरफार करून शक्ति वाढविणें, सायलेन्सर बदलून आवाज मोठा करणें, मोटार जमिनीकडे खालीं उतरविणें, असे उद्योग कांहीं तरुण करतात. वाढविलेली शक्ति क्लच आणि गिअर यांना झेपत नाहीं. शिवाय उत्पादकाच्या मूळ रचनेशीं न जुळणारे असे बदल कायद्याला मान्य नाहींत, असें सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें स्पष्ट केलें आहे. तेव्हां ‘हिच्यांत पुष्कळ कांहीं केलें आहे’ असें विकणारा अभिमानानें सांगूं लागला कीं, घेणाऱ्यानें नमस्कार करून निघावें.

आतां पुन्हा त्या कुटुंबाकडे वळावें. पितापुत्र एका अनुभवी मिस्त्रीला बरोबर घेऊन नागपुरास गेले आहेत. पहिली मोटार लाल, झळझळीत, साडेतीन लाखांची. मुलाचें मन तिच्यावर जडलें. मिस्त्रीनें मागच्या आसनाचा पट्टा ओढला. शेवटच्या वीतभर भागावर मातकट रेघ होती. मुलगा कांहीं बोलला नाहीं. दुसरी मोटार राखी रंगाची, दारावर ओरखडा असलेली, चार लाखांची. तिच्या मालकानें पहिल्या दिवसापासूनच्या देखभालीच्या बिलांची जाड फाइल पुढें ठेविली. ऑइल कधीं बदललें, ब्रेक कधीं घातले, टायर कोणत्या महिन्यांत घेतले, सारें त्यांत होतें. ओरखडा कसा पडला, हेंहि त्यानें न विचारतां सांगितलें. साध्या मोटारीचा आग्रह धरणारे वडीलच तेव्हां मुलाला हळूच म्हणाले, ‘हीच घे. हा गोठा चांगला आहे.’

सौदा ठरला तरी काम संपत नाहीं. नोंदणींतील नांव बदलणें हें दोघांचेंहि कर्तव्य आहे. एकाच राज्यांतील व्यवहारांत विकणाऱ्यानें १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानें ३० दिवसांत तशी सूचना परिवहन कार्यालयास द्यावयाची असते. नोंदणींत ज्याचें नांव आहे तोच मालक आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याचीच, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं सांगितलें आहे. विम्यावरील नांवहि त्याच वेळीं बदलून घ्यावें. केवळ विश्वासावर किल्ल्यांची देवघेव करणारे दोन सज्जन पुढें न्यायालयाच्या आवारांत एकमेकांना भेटतात.

एवढें केल्यावर वेगाचा आनंद अवश्य घ्यावा. पण तो कोठें घ्यावा याचें भान असावें. भंडाऱ्याहून साकोलीकडे जाणाऱ्या महामार्गाच्या आसपास नवेगांव-नागझिऱ्याचें रान आहे, आणि रात्रीं रस्ता ओलांडणाऱ्या हरणाला मोटारीची अश्वशक्ति ठाऊक नसते. पटाच्या मैदानाला सीमा असते म्हणूनच तेथील धांव शोभते. चांगली स्पोर्ट्स मोटार आपल्या धन्याला हेंच शिकविते कीं, शक्ति हातीं असून ती राखून ठेवण्यांत खरी ऐट आहे. ती शिकवण ज्यानें घेतली त्याच्या घरीं मोटारीचें कौतुक टिकतें, आणि दाराशीं वाट पाहणाऱ्या आईला तिचा ओळखीचा आवाज रोज वेळेवर ऐकूं येतो.