डॉक्टरांचे सहायक

आजारी मनुष्याला घेऊन दवाखान्यांत गेलेल्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "मोठे डॉक्टर आहेत ना?" नाडी पाहणारा, दुखण्याची हकीकत टिपून घेणारा, जखमेची पट्टी बदलणारा जो कोणी समोर येईल, त्याच्याकडे घरांतील वडीलधारी माणसें जरा संशयानेंच पाहतात. हा संशय अगदींच निराधार नाहीं. कंपौंडर म्हणून दोन वर्षें काढून पुढें स्वतःच्या नांवाची पाटी लावणारे महाभाग या देशांत थोडे झाले नाहींत. परंतु रीतसर शिकून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीं काम करणाऱ्या सहायकालाही त्याच मापानें मोजणें हा अन्याय आहे. आणि त्याची किंमत शेवटीं रोग्यालाच द्यावी लागते.

सहायकाच्या हातून काय होऊं शकतें, हें पाहावयाचें तर अहिल्यानगर जिल्ह्यांतील जामखेडला जावें. जिल्ह्याचें नांव अहमदनगर होतें त्या काळीं, १९७० मध्यें, डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें बीडच्या सीमेवरील त्या अवर्षणग्रस्त मुलखांत आरोग्याचें काम आरंभिलें. खेडोपाडीं शिकलेल्या परिचारिका ठेवाव्या, असा त्यांचा पहिला बेत होता. तो फसला. परक्या गांवीं एकटीनें राहणें त्या मुलींना जड जाई, आणि त्यांचें सांगणें गांवच्या बायकांच्या गळीं उतरत नसे. तेव्हां प्रत्येक गांवानें आपल्यांतीलच एक बाई निवडावी, असें ठरलें. निवडलेल्या कित्येक बायांना अक्षरओळख नव्हती; कित्येक दलित समाजांतील होत्या. या बायका रोग्याला काय तपासणार, असा प्रश्न सुशिक्षितांना तेव्हांही पडला असेल.

त्या पुष्कळ कांहीं करूं लागल्या. हगवणीनें सुकत चाललेल्या मुलाला साखरमिठाचें पाणी कसें व किती पाजावें, बधिर चट्टा पाहून महारोगाचा संशय केव्हां घ्यावा, आठवडेच्या आठवडे न हटणारा खोकला कोणता, कोणत्या बाळंतिणीला विलंब न लावतां रुग्णालयांत न्यावें, हें त्यांना शिकविलें गेलें. प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणें आरंभीं हजारांमागें सुमारें १७६ असलेलें बालमृत्यूचें प्रमाण पंचवीस वर्षांत तिसांच्या आंत आलें. पोटभर अन्न, शुद्ध पाणी व लसी यांचा वाटा त्यांत मोठा आहे. पण या गोष्टीही घरोघरीं पोहोंचविल्या त्या याच बायांनीं. १९७९ मध्यें आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

यांतील मर्म मात्र बहुतेकांच्या नजरेंतून निसटतें. या सेविकांना एकदां शिकवून सोडून दिलें नव्हतें. त्या वारंवार जामखेडला येत, आपल्या गांवचे रोगी सांगत, चुकलें तें समजून घेत. डॉक्टरांचें पथक गांवीं जाऊन त्यांचें काम पाही. आणि त्यांनीं पाठविलेला रोगी ज्याच्या दारीं जाई, तें रुग्णालय पाठीशीं उभें होतें. थोडें ज्ञान घातक, असें म्हणतात. घातक खरें तर तें एकटें पडलेलें थोडें ज्ञान होय.

रुग्णालयांतील फिजिशियन असिस्टंट या सेविकांहून निराळा. त्याचें शिक्षण महाविद्यालयीन असतें. अमेरिकेंत ड्यूक विद्यापीठानें १९६५ मध्यें नौदलांतून परतलेल्या शुश्रूषकांना घेऊन हा अभ्यासक्रम सुरू केला. भारतांत १९९२ मध्यें मद्रासेंत हृदयशस्त्रक्रियेच्या निमित्तानें तो आला. २०२१ च्या कायद्यानें या व्यवसायाची गणना मान्यताप्राप्त आरोग्यव्यवसायांत झाली. तरी डॉक्टरांनीं पाठीशीं राहावें व सहायकानें आपली मर्यादा ओळखावी, हें सूत्र दोन्हीकडे एकच.

एक आक्षेप मात्र सहज उडवून लावण्याजोगा नाहीं. श्रीमंताला डॉक्टर आणि गरिबाला सहायक, अशी वांटणी होईल, ही भीति खरी आहे. ज्या गांवीं डॉक्टर जात नाहीं तेथें सहायक बसवून सरकारनें हात झटकले, तर तो सहायक नव्हे, ती फसवणूक होईल. म्हणून सहायकाची मागणी करणाऱ्यांनींच त्याच्यामागें कोणता डॉक्टर उभा आहे, हें आधीं विचारावें.

शहरांतील कुटुंबांनींही दवाखान्यांत तोच प्रश्न विचारावा. सहायकानें आपलें नांव व हुद्दा स्पष्ट सांगावा. स्वतःस डॉक्टर म्हणवूं नये. एवढें उत्तर नीट मिळालें, कीं त्याच्यापाशीं दुखण्याची संपूर्ण हकीकत उघड करावी : चालू असलेल्या गोळ्या, मध्यंतरीं घेतलेला काढा, चुकलेलें पथ्य, सारें कांहीं. मोठे डॉक्टर खोलींत येतील तेव्हां त्यांच्या हातीं पहिल्यानें पडणार आहे तो त्याच सहायकानें लिहिलेला कागद.