रानमाणूस कोणी पाहिला?

माझं बालपण आताच्या लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात गेलं. आजोळ नांदेड जिल्ह्यात, किनवट तालुक्यात. आमच्या गावी नजर जाईल तिथवर ज्वारीची शेतं; आजोळी मात्र घरामागूनच सागाचं जंगल सुरू व्हायचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत गेलो की आजी बजावायची, "दिस मावळल्यावर नाल्याकडं जाऊ नको बाबा, तिथं रानमाणूस हाय."

तो कसा दिसतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. काळाकुट्ट, अंगभर केस, दोन पायांवर उभा राहणारा. त्याची बायको पाठीवर लेकरू घेऊन हिंडते, असंही सांगत. मामीनं तर तो मोहाच्या झाडाखाली प्रत्यक्ष पाहिला होता!

मामी खोटं बोलत नव्हती. मोहाची फुलं रात्री गळतात आणि बायका ती वेचायला पहाटेच निघतात. त्याच फुलांसाठी, त्याच वेळी, त्याच झाडाखाली आणखी एक जण येतो : अस्वल. किनवट-माहूरच्या डोंगरांत आणि पैनगंगा अभयारण्यात त्याचा वावर आहे. माणसाची चाहूल लागली की ते मागच्या पायांवर उभं राहतं. त्याच्या मागच्या पावलाचा ठसा टाच आणि पाच बोटांसह उमटतो. अनवाणी माणूस गेल्यासारखाच वाटतो. अस्वलाची मादी पिल्लांना पाठीवर घेऊन फिरते. म्हणजे रानमाणसाची लेकुरवाळी बायकोही सापडली!

मामीला हसू नका. जॉर्ज शॉ या इंग्रज शास्त्रज्ञानं १७९१ साली आपल्या या अस्वलाची लांब नखं पाहून त्याला चक्क दक्षिण अमेरिकेतल्या 'स्लॉथ' या झाडावर लटकणाऱ्या प्राण्याच्या कुळात घातलं होतं. म्हणून आजही त्याचं इंग्रजी नाव 'स्लॉथ बेअर' असंच आहे. हिमालयातल्या यतीचंही तसंच. एरिक शिप्टननं १९५१ साली बर्फातल्या पावलाचं छायाचित्र घेतलं आणि जगभर खळबळ उडाली. पुढे २०१७ साली यतीचे म्हणून जपलेले केस, हाडं, कातडी अशा नऊ नमुन्यांची डीएनए तपासणी प्रसिद्ध झाली. आठ अस्वलांचे निघाले, एक कुत्र्याचा.

गोष्ट इथे संपली असती, तर मी ती गंमत म्हणून सांगितली असती. पण माझ्या मनात दुसरीच एक आठवण आहे.

१९७२च्या दुष्काळातली. मी दहा वर्षांचा असेन. आमच्या लातूरकडच्या गावात अस्वल येण्याचा प्रश्नच नव्हता, पण आजोळच्या गोष्टी मीच पोरांना रंगवून सांगितल्या होत्या. एके दिवशी शिवारातल्या पडक्या खोपीत कोणीतरी दिसलं. जटा वाढलेल्या, अंग मातीनं माखलेलं, कमरेला चिंधी. पोरं ओरडली, "रानमाणूस!" आम्ही ढेकळं मारली, मग दगड. मीही मारले. तो दोन्ही हात डोक्यावर धरून एकच आवाज काढत होता. आम्हाला ते गुरगुरणं वाटलं.

आरडाओरडा ऐकून शेजारच्या शेतातला सालगडी धावत आला. तो देगलूरकडचा, सीमेवरचा. त्याला तेलुगू कळायचं. क्षणभर त्यानं ऐकलं आणि आमच्यावर खेकसला, "मूर्खांनो, पाणी मागतोय तो!" 'नीळ्ळु, नीळ्ळु' म्हणत होता तो माणूस. पाणी, पाणी. कामाच्या शोधात निघालेला, उपाशी, वाट चुकलेला. सालगड्यानं आपल्या कळशीतलं पाणी त्याच्या ओंजळीत ओतलं. त्या वर्षी पाणी किती महाग होतं, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल.

दिल्लीत मे २००१मध्ये 'मंकी मॅन'ची आवई उठली, तेव्हा रात्री घाबरून गच्चीवरून पडून माणसं दगावली. ती बातमी वाचताना मला ती खोप आठवली. अंधारात अस्वलाला माणूस समजणं ही डोळ्यांची चूक आहे. ती सुधारता येते. समोरच्या माणसाला जनावर समजलो, तर मात्र हातात दगड येतो.

म्हणून पुन्हा कोणी रानमाणूस पाहिल्याचं सांगितलं, तर हसू नका आणि धावूही नका. कोणी पाहिला, किती वाजता, किती लांबून, एवढं विचारा. आणि तो काही बोलत असेल, तर आधी नीट ऐकून घ्या.