खोडायला लावलेले वाक्य
(हीरक महोत्सव समारंभात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



अशा प्रसंगी शाळेच्या यशाची गाथा सांगण्याचा प्रघात आहे. मी मात्र आज एक कबुली देणार आहे.

माझा विषय मराठी. पुष्कळ वर्षांपूर्वी विज्ञानशिक्षक रजेवर असताना मी प्रयोगशाळेत तासावर गेले होते. मोरचुदाच्या द्रावणातून वीज सोडून तांब्याचा मुलामा देण्याचा प्रयोग चालू होता. एका विद्यार्थिनीच्या पट्टीवर चकचकीत थराऐवजी काळपट भुकटी जमली. तिने वहीत तसेच लिहिले. "पुस्तकात आहे ते लिही," असे सांगून मी ते वाक्य तिला खोडायला लावले. वीजप्रवाह प्रमाणाबाहेर गेला की असे घडते, हे मला फार उशिरा कळले.

१९५६ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत आर्थर आणि इंगेबोर्ग उलिर हे विजेच्या साहाय्याने सिलिकॉन गुळगुळीत करू पाहत होते. काही वेळा त्यावर काळा, तांबडा वा तपकिरी थर धरे. काम बिघडले होते. पण त्यांनी ते नोंदवून ठेवले. तो थर म्हणजे केसाच्या हजाराव्या भागाहूनही बारीक छिद्रांनी भरलेले सच्छिद्र सिलिकॉन होते. १९९० मध्ये इंग्लंडच्या ली कॅनहॅम यांनी त्यातून प्रकाश बाहेर पडतो असे दाखविले आणि जगाचे लक्ष तिकडे वळले. १९९७ मध्ये त्याच थरापासून जैवरेणू ओळखणारा प्रकाशीय संवेदक सिद्ध झाला.

त्याचे तत्त्व आपल्या ओळखीचे आहे. पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर इंद्रधनुष्यी रंग दिसतात. थराच्या वरून व खालून परतणारे किरण एकमेकांत मिसळल्याने ते उमटतात. सच्छिद्र थरातही तसेच घडते. छिद्रांच्या भिंतींवर ठरावीक रेणूलाच धरून ठेवणारे 'पहारेकरी' रेणू बसवायचे. हवा तो रेणू आत येऊन अडकला की परतणाऱ्या प्रकाशाचा रंग किंचित सरकतो. रंगद्रव्याची खूण लावावी लागत नाही. साधा पांढरा दिवा आणि लहानसा वर्णपटमापक एवढ्यावर काम भागू शकते, म्हणून खर्च कमी.

आपल्या छत्तीसगडात आणि शेजारच्या विदर्भात सिकलसेलने किती घरे पोळली आहेत, हे येथे सांगायला नको. गावातच होणारी स्वस्त, अचूक तपासणी म्हणजे काय, हे त्या घरांतील आईला विचारावे. डीएनएचे धागे ओळखण्याची या संवेदकाची क्षमता १९९७ च्या प्रयोगांतच दिसली. तरीही वाट सोपी नाही. रक्तातील नको ती प्रथिनेही छिद्रांत चिकटतात आणि खारट द्रावणात सिलिकॉन हळूहळू झिजते. हे प्रश्न सोडवणारे हात कदाचित याच वर्गांतून निघतील.

म्हणून या वर्षापासून आपल्या शाळेत एक नियम राहील : प्रयोगवहीत जे दिसले तेच लिहिणाऱ्या मुलाचे गुण कापले जाणार नाहीत. पालकहो, वही पाहताना आपणही 'बरोबर आले का' याआधी 'काय दिसले' हे विचारावे.

ती विद्यार्थिनी आज या सभागृहात असेल, तर तिला एवढेच सांगते : बाळ, तुझे वाक्य बरोबर होते. चूक माझी होती.