खिम्याच्या तीस पुड्या



मागे एका पालकांनी मला विचारले, "सर, मोठ्याचे मटण आपण खातो, त्यात शंभरात किती दूषित असते?" (मोठ्याचे म्हणजे म्हशी-रेड्याचे, महाराष्ट्रात २०१५ पासून बैलांच्या कत्तलीवरही बंदी आहे.) प्रश्न साधा वाटला, पण उत्तर चटकन देता येईना.

समजा, आमच्या विद्यार्थ्यांनी कोल्हापुरातल्या निरनिराळ्या दुकानांतून खिम्याच्या तीस पुड्या आणल्या. प्रत्येकीतले २५ ग्रॅम मांस २२५ मिलिलिटर पोषक द्रवात मिसळून ३७ अंशांवर रात्रभर ठेवले, पुढच्या चाचण्या केल्या, आणि साल्मोनेला जंतू एकीतही सापडला नाही. मग मटण निर्मळ म्हणावे काय? पोत्यातले शंभरास दहा शेंगदाणे खवट असले, तरी तीस दाणे उचलताना एकही खवट हाती न लागण्याचा संभव शंभरात चार एवढा उरतोच. तेव्हा तीस निर्दोष पुड्या पाहून इतकेच म्हणता येते की, दूषित मालाचे प्रमाण बहुधा दहा टक्क्यांच्या आत असावे. ते एक टक्क्याच्या आत आहे असे म्हणायचे तर तीनशे पुड्या हव्यात! आणि साऱ्या पुड्या एकाच दुकानातून, एकाच सकाळी आणल्या असतील, तर हा हिशेबच फोल.

शिवाय ही चाचणी फक्त "आहे" किंवा "नाही" एवढेच सांगते. एक जंतू असो वा लाख, उत्तर एकच.

मी खिमाच का घेतला? जंतू बहुतेक मांसाच्या पृष्ठभागावर असतात. यंत्रात ते आतपर्यंत जातात. शंभरात एका जनावराचे मांस दूषित धरले आणि शंभर जनावरांचे मांस एकत्र दळले, तर तो घाणा दूषित निघण्याचा संभव ६३ टक्के होतो. अमेरिकेत १९९३ साली अर्धकच्च्या खिम्याच्या वड्यांतून ई. कोलाय ओ१५७ हा जंतू पसरला. सातशेहून अधिक माणसे आजारी पडली, चार मुले दगावली. हा जंतू लहानांची मूत्रपिंडे निकामी करू शकतो.

आपल्याकडे एवढा मोठा घाणा नसतो. पण दुकानातले यंत्र, सुरा आणि ओंडका दिवसभर तेच. बर्फात ठेवल्याने जंतू मरतात हाही गैरसमजच. तिथे त्यांची वाढ थांबते, इतकेच. खिमा आतपर्यंत ७१ अंश तापला पाहिजे. आपल्या रश्शात तो चांगला उकळतो, त्याची मला धास्ती नाही. धास्ती आहे ती त्याच सुरीने, न धुता चिरलेल्या कोशिंबिरीच्या कांद्याची.