रक्तसाक्षींच्या कथा: पुरावा आणि श्रद्धा
(ज्युबिलीनिमित्त झालेल्या व्याख्यानमालेंतील भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या या ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं आम्हीं आद्य रक्तसाक्षींविषयीं बोलावें, अशी आपल्यांतील कित्येकांची इच्छा होती. विषय पवित्र आहे. परंतु केवळ स्तुति गाण्यासाठीं आम्ही आज उभे राहिलों नाहीं. एका प्रश्नाचें उत्तर आमच्याकडे थकलें आहे, तें आज आपणां सर्वांसमक्ष द्यावयाचें आहे.

फेब्रुवारीच्या २३ व्या तारखेस संत पोलिकार्प यांचा सण येतो. त्या दिवशीं आम्ही वर्षानुवर्षें याच वेदीवरून सांगत आलों कीं, स्मर्ना नगरींत या वृद्ध बिशपांस जाळूं लागले तेव्हां अग्नीनें त्यांचा देह भस्म केला नाहीं. म्हणून मारेकऱ्यानें खंजीर खुपसला, आणि त्या जखमेंतून एक कबुतर बाहेर आलें. मागील वर्षीं मिस्सा संपल्यावर आपल्यांतीलच एक तरुण आमच्याकडे आला आणि नम्रपणें म्हणाला, "फादर, तें कबुतर सर्व जुन्या लेखांत नाहीं, असें मीं वाचलें. मग बाकीचें तरी खरें कशावरून?" त्या दिवशीं आम्हीं वेळ मारून नेली. तें योग्य झालें नाहीं.

तरुणाचें म्हणणें खरें होतें. इ. स. १५५ च्या सुमारास संत पोलिकार्प यांस देहांत शासन झालें. त्यानंतर स्मर्ना येथील ख्रिस्ती मंडळीनें फिलोमेलियम येथील मंडळीस पत्र लिहून सर्व हकीकत कळविली. तें पत्र आजही उपलब्ध आहे, व त्याच्या हस्तलिखितांत कबुतराचा उल्लेख आहे. परंतु चवथ्या शतकांत कैसरियाचे बिशप युसेबियस यांनीं ख्रिस्तसभेचा इतिहास लिहितांना याच पत्रांतील उतारे घेतले. त्यांत खंजीर आहे, रक्त आहे, कबुतर मात्र नाहीं. यावरून पुष्कळ विद्वानांचें मत असें कीं, तें मागाहून पत्रांत शिरलें असावें.

मग तें सारें पत्रच टाकून द्यावें काय? आपल्या गांवीं बांधाचा तंटा निघाला म्हणजे पंच साक्षीदारास काय विचारतात? तूं स्वतः तेथें होतास काय? घडल्यावर किती काळानें सांगतोस? आपल्या पक्षाच्या विरुद्ध जाणारी गोष्टही सांगतोस काय? हेच तीन प्रश्न येथें विचारूं. पत्र लिहविणारे स्वतः तेथें हजर होते, व पत्र घटनेनंतर लवकरच लिहिलें गेलें. शिवाय त्यांनीं घरचें उणें झांकलें नाहीं. फ्रुगियाहून आलेला क्विंटस नांवाचा गृहस्थ आपण होऊन पुढें झाला, इतरांसही त्यानें पुढें आणलें. पण श्वापदें पाहतांच त्याचा धीर सुटला व त्यानें देवतांस अर्पण केलें. हेंही त्यांनीं लिहिलें, आणि आपण होऊन मरणास सामोरें जाणें स्तुत्य नव्हे, असेंही बजावलें. खुद्द पोलिकार्प लोकांच्या आग्रहास्तव शेतावर जाऊन राहिले होते. आणि शिपाई पकडावयास आले तेव्हां त्यांनीं त्यांस जेवूं घातलें व प्रार्थनेसाठीं थोडा अवधि मागून घेतला. अशी साक्ष कोणता पंच नाकारील?

दुसरें उदाहरण घ्या. १७ जुलै १८० रोजीं कार्थेज येथें सिली गांवच्या १२ स्त्रीपुरुषांस शिक्षा झाली. त्यांचा वृत्तांत म्हणजे कोर्टांतील सवालजबाब. त्यांत चमत्कार एकही नाहीं. विचार करण्यास ३० दिवसांची मुदत मिळत असतांही ती त्यांनीं घेतली नाहीं. त्याच नगरींत २०३ सालीं मरण पावलेल्या संत पेर्पेतुआ यांनीं तुरुंगांतील काळोख, तान्ह्या बाळाची काळजी व वृद्ध पित्याची विनवणी स्वहस्तें लिहून ठेविली.

याउलट, आलेक्सांद्रियाच्या संत कॅथरीन यांची कथा घडल्याच्या काळानंतर कित्येक शतकांनीं लिहिली गेली. म्हणून १९६९ सालीं त्यांचा सण सार्वत्रिक यादींतून काढण्यांत आला, व २००२ सालीं ऐच्छिक स्मरणदिन म्हणून पुन्हां घेण्यांत आला. ख्रिस्तसभेनें पुराव्याचा दुबळेपणा मान्य केला. संतांस खोटें ठरविलें नाहीं. या दोहोंतील भेद ध्यानांत ठेवावा.

ही छाननी शत्रूंची नव्हे, घरचीच आहे. येशूसंघीय फादर जाँ बोलांद यांनीं १६४३ सालीं संतांच्या चरित्रसाधनांचे पहिले खंड छापले, आणि त्यांच्या अनुयायांनीं तें काम पुढें चालविलें. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांचेंच पाहा. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें त्यांस क्रुसावर मरण आलें. साक्षीपुरावे तपासून १६२७ सालीं त्यांस धन्य, व १८६२ सालीं संत म्हणून घोषित करण्यांत आलें. आपण ज्यांस संत म्हणून वंदन करितों, त्यांची चौकशी आपल्याच मातेनें केली आहे.

परंतु बंधुभगिनींनो, पुराव्यालाही मर्यादा आहे. कार्थेजच्या कोर्टांत सुभेदार सातुर्निनुस यानें त्या बारा जणांचें बोलणें स्वतःच्या कानांनीं ऐकिलें. त्याच्याइतका प्रत्यक्ष पुरावा आपणांपैकीं कोणापाशीं आहे? तरी त्यानें विश्वास ठेविला नाहीं. ते मेले, हें इतिहास सांगतो. ज्याच्यासाठीं ते मेले तो जिवंत आहे, हें हृदय उघडल्यावांचून व देवाच्या कृपेवांचून कळत नाहीं. श्रद्धा ही पुराव्याची उणीव भरून काढण्याची युक्ति नव्हे, आणि पुरावा हा श्रद्धेचा मोबदला नव्हे.

आणखी एक गोष्ट. पोलिकार्प यांजकडून काय मागितलें होतें? कैसर हाच प्रभु, एवढें एक वाक्य. तें उच्चारलें असतें तर प्राण वाचले असते. ८६ वर्षें ज्याची सेवा केली त्याच्याविषयीं एक खोटा शब्द काढण्यापेक्षां त्यांनीं अग्नि पत्करिला. अशा पुरुषाच्या नांवें संशयित गोष्ट खात्रीची म्हणून सांगणें आम्हांस शोभत नव्हतें. येत्या २३ फेब्रुवारीस आम्ही त्यांची कथा याच वेदीवरून पुन्हां सांगूं. त्यांत शेत असेल, शिपायांचें जेवण असेल, घाबरलेला क्विंटसही असेल. कबुतराविषयीं जितकें लेखांत आहे तितकेंच सांगूं. ज्या तरुणानें आम्हांस हें शिकविलें, त्याचे आम्ही ऋणी आहों.

आपल्या पूर्वजांनीं सांभाळलेला विश्वास या ज्युबिली वर्षांत सत्याच्या पायावर अधिक दृढ होवो, आणि सर्व रक्तसाक्षी आपल्यासाठीं विनंति करोत. आमेन.