जहाजांच्या प्रतिकृती : एक छंद, एक शिक्षण

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात यवतमाळ येथे दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून चार शब्द बोलावेत अशी कार्यवाहांनी मला आज्ञा केली आणि विषय विचारला. "जहाजे," असे मी सांगताच ते क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिले. त्यांचे आश्चर्य अनाठायी नव्हते. आपल्या जिल्ह्याच्या कडेने वर्धा आणि पैनगंगा वाहतात हे खरे. परंतु समुद्र येथून शेकडो मैल दूर. उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहणाऱ्या गावात जहाजांच्या गोष्टी सांगणे म्हणजे थट्टाच, असे कोणासही वाटेल. तथापि नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मी लाकडाची लहान जहाजे करीत आलो आहे. या छंदाने मला जे शिकविले ते आपल्यापुढे ठेवावे, एवढाच माझा हेतू आहे.

मोठ्या वस्तूची लहान प्रतिकृती करणे ही गोष्ट आपल्याला नवी नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. मुले लाकडी नंदी सजवून घरोघर मिरवितात. ते नंदी कोणी केले? आपल्याच वाडवडिलांनी. वशिंड किती उंच, मान कोठे वळवावी, खूर किती रुंद ठेवावे, हे त्यांना कोणी कागदावर काढून दिले नव्हते; गोठ्यातला बैल हाच त्यांचा नकाशा होता. जहाजाची प्रतिकृती करणारा मनुष्य हेच करतो. भेद इतकाच की, त्याच्या गोठ्यात जहाज नसते. त्याला नकाशा वाचावा लागतो आणि प्रत्येक माप हिशेबाने उतरवावे लागते.

या छंदाचे बीज माझ्या मनात अजिंठ्यास पडले. शिक्षक असताना विद्यार्थ्यांची सहल घेऊन मी तेथे गेलो होतो. दोन क्रमांकाच्या लेण्यात एका जहाजाचे चित्र आहे. उंच डोलकाठ्या, त्यांवर शिडे, आणि जहाजावर ओळीने ठेवलेले रांजण. एका विद्यार्थ्याने विचारले, "गुरुजी, इथे तर डोंगर आहे, मग चित्रकाराने जहाज कुठे पाहिले?" मला उत्तर देता आले नाही. परंतु समुद्रापासून इतक्या दूर, डोंगराच्या पोटात बसून एका कलावंताने जहाज रंगविले, ही गोष्ट मनात घर करून राहिली.

त्या चित्राची पुढली हकीकत तर अधिक विस्मयकारक आहे. पाचव्या शतकातील या चित्रावरून खरेखुरे जहाज बांधावे असा संकल्प झाला आणि जुलै २०२३ मध्ये केंद्राचे संस्कृती मंत्रालय, भारतीय नौदल व गोव्यातील एक नौका बांधणारी संस्था यांच्यात करार झाला. जुना नकाशा एकही उपलब्ध नव्हता. जे काही होते ते भिंतीवरचे चित्र. केरळातील कारागिरांनी फळ्या खिळ्यांनी न जोडता काथ्याच्या दोरीने शिवल्या. परंतु असे जहाज लाटांवर कसे वागेल हे कोणास ठाऊक? त्यासाठी आधी लहान प्रतिकृती पाण्यात घालून मद्रासच्या आय.आय.टी.मध्ये तिची परीक्षा घेण्यात आली. मे २०२५ मध्ये कारवार येथे हे जहाज 'कौंडिण्य' या नावाने नौदलात दाखल झाले. त्याच वर्षी २९ डिसेंबर रोजी ते पोरबंदरहून निघाले आणि जानेवारी २०२६ मध्ये केवळ वाऱ्याच्या बळावर मस्कतला पोहोचले. हे सांगण्याचे कारण असे की, प्रतिकृती हा निव्वळ पोरखेळ नव्हे. मोठे काम ज्या प्रश्नाशी अडते, तो प्रश्न पुष्कळदा लहान काम सोडविते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. मी पहिले मोठे काम हाती घेतले ते 'ट्रिंकोमाली' या जहाजाचे. हे जहाज मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील पारशी मेस्त्रींनी बांधले आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ते पाण्यात उतरले. या घराण्याचे मूळ पुरुष लवजी नसरवानजी हे १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईस आले. 'वाडिया' या नावाचा अर्थच जहाज बांधणारा. आपल्याकडील 'वाढई' या शब्दाशी त्याचे साम्य कानाला जाणवते. व्युत्पत्ती पंडितांनी पाहावी. 'ट्रिंकोमाली' सागवानाचे आहे. दोनशे वर्षे उलटून गेली तरी ते इंग्लंडात हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगत आहे. त्याच्या बांधणीचे नकाशे इंग्लंडहून यावयाचे होते. नकाशांची पहिली प्रत ज्या जहाजावर होती ते १८१२ मध्ये अमेरिकेशी झालेल्या लढाईत नष्ट झाले आणि दुसरी प्रत येईपर्यंत काम खोळंबले. मेस्त्री कितीही कसबी असो, मापावाचून त्याचे हात बांधलेले असतात, हेच यावरून दिसते.

या जहाजाच्या तोफांच्या मजल्याची लांबी सुमारे १५० फूट आणि जहाजाची रुंदी सुमारे ४० फूट. एका फुटाला पाव इंच हे प्रमाण धरले तर प्रतिकृती ४८ पट लहान होते, आणि तो मजला साडेसदतीस इंच भरतो. एवढे जहाज ठेवावयास आपल्या घरांत जागा कोठून आणावी? म्हणून मी एका फुटाला अर्धा पाव, म्हणजे एक अष्टमांश इंच हे प्रमाण घेतले. लांबी पावणेएकोणीस इंच झाली, रुंदी पाच इंच. या प्रमाणात साडेपाच फूट उंचीचा खलाशी पाऊण इंचाहूनही कमी भरतो. त्याच्या हाती लागणारी दोरी, त्याच्या पायाखालची फळी, सारे त्याच मापाने झाले पाहिजे. एक वस्तू चुकीच्या मापाची झाली की सारे जहाज खोटे दिसू लागते.

येथे मला पहिला धडा मिळाला. मूळ जहाज सागवानी, आणि आपला जिल्हा तर सागवानाचा. तेव्हा प्रतिकृतीही सागाचीच करावी असे मी अभिमानाने ठरविले. परंतु सागाचे रेषे ठळक आणि छिद्रे मोठी. पाव इंचाच्या फळीवर ते रेषे असे दिसू लागले की, जणू जहाजाच्या फळ्यांवर नाले खणले आहेत. शिवाय पातळ केलेला साग वाकविताना चिरफळ्या होऊन गेला. अखेर हळदूच्या लाकडाने माझी लाज राखली. हळदूचे रेषे बारीक, रंग पिवळसर, धार गुळगुळीत. आतल्या ठोकळ्यांना शिवण चांगले, कारण ते हलके असते आणि सहसा वाकडे होत नाही. खरेपणा साधण्यासाठी खरे लाकूड बाजूस ठेवावे लागले, हे मला फार दिवस पचले नाही.

नौकेचा सांगाडा करण्याच्या दोन रीती आहेत. नवशिक्याने फळ्यांचे थर एकावर एक चिकटवून ठोकळा करावा आणि तो तासून आकार द्यावा. दुसरी रीत खऱ्या जहाजाची. प्रथम तळाचा कणा, ज्याला कोकणात पठाण म्हणतात. त्यावर फासळ्यांसारख्या कमानी. आणि त्यांवर फळ्यांच्या पट्ट्या. पट्टी गरम पाण्यात भिजवून तापलेल्या नळीवर हळूहळू वाकवावयाची. जहाज पोटाशी रुंद आणि टोकास निमुळते, म्हणून प्रत्येक पट्टी टोकाकडे तासून अरुंद करावी लागते. एका बाजूच्या चार पट्ट्या बसविल्या की, लगेच दुसऱ्या बाजूच्या चार बसवाव्यात. नाहीतर सांगाडाच पिळतो. माझा पहिला सांगाडा असाच पिळला आणि चार महिन्यांचे काम चुलीत गेले.

फजितीची आणखी एक गोष्ट सांगतो. एक लहान गलबत करून, शिडे उभारून, मी ते गावच्या तळ्यात सोडले. बघ्यांची गर्दी जमली. वाऱ्याची एक झुळूक आली आणि गलबत आडवे झाले! मोठे जहाज ज्या वाऱ्यात डौलाने चालते त्यात लहान का कोलमडावे? पुढे हिशेब केला तेव्हा उलगडा झाला. ४८ पट लहान केलेल्या नौकेची शिडे २,३०४ पटींनी कमी होतात. पण वजन १,१०,५९२ पटींनी घटते. आपण जहाज लहान केले, शीड लहान केले. वारा मात्र लहान होत नाही. म्हणून पाण्यात सोडावयाच्या प्रतिकृतीला तळाशी शिशाचे वजन द्यावे लागते. मुलांना घनफळ शिकविण्यात माझे आयुष्य गेले. पण घनफळ म्हणजे काय हे मला त्या तळ्याकाठी कळले.

आपल्या आंग्र्यांच्या आरमाराची प्रतिकृती करावी अशी इच्छा कोणत्या मराठी माणसास होणार नाही? कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये निवर्तले; १७५६ मध्ये विजयदुर्ग पडला आणि तेथील आरमार जळाले. त्या काळच्या लेखांवरून इतके कळते की, गुराबांना दोन अथवा तीन डोलकाठ्या असत व मोठ्या गुराबा सुमारे तीनशे टनांच्या असत. गलबते सहसा सत्तर टनांच्या आतली. परंतु ट्रिंकोमालीसारखा फळीन् फळीचा नकाशा हाती नाही. अशा वेळी चित्रे, वर्णने आणि कोकणातील जुन्या नौकांची घडण यांवरून अनुमान बांधावे लागते, आणि जे अनुमान आहे ते अनुमान म्हणूनच सांगावे लागते. ज्यांच्या हातांनी ती जहाजे घडली त्यांनी आपली विद्या मुलाच्या हातात ठेवली, कागदावर नाही. हात थांबले आणि विद्या गेली.

बंधूंनो, येथे मी माझ्या घरची गोष्ट सांगणार आहे. ती सांगताना मला संकोच वाटतो. माझे वडील दारव्हा तालुक्यातील एका खेड्यात सुतारकाम करीत. तिफण, वखर, गाडीची चाके ही त्यांची कामे. तुंब्यात आरे बसविताना ते डोळे मिटून ठोका ऐकत आणि आवाजावरून सांधा बसला की नाही ते सांगत. मी शिकावे, नोकरी करावी, हा त्यांचाच आग्रह. मी शिक्षक झालो. ते १९७९ मध्ये वारले, तेव्हा त्यांची हत्यारांची पेटी ओसरीवर होती. घरात पाहुणे येत, आणि मला त्या पेटीची लाज वाटे. मी ती एका भंगारवाल्यास दिली. किती पैसे आले हे आज आठवत नाही. आठवू नये असेच वाटते.

निवृत्तीनंतर जहाजाची पहिली पट्टी तासावयास बसलो तेव्हा बोटभर लांबीचा रंधा हवा होता. तसा रंधा वडिलांच्या पेटीत होता. लहानपणी मी त्याने खेळलो होतो. बाजारात मिळाला तो जड, त्याची धार धरेना. त्या दिवशी मी रंधा शोधीत नव्हतो, वडिलांना शोधीत होतो. पुढे माळ्यावर जुन्या पोत्यात त्यांची एक पटाशी सापडली. मूठ त्यांच्या अंगठ्याने झिजलेली. आज माझ्या प्रत्येक जहाजाचा शेवटचा हात त्या पटाशीचा असतो.

आपली मुले आता अभियंते, डॉक्टर, अधिकारी होत आहेत, आणि याचा आनंद माझ्याएवढा कोणास असेल? त्यांनी पुन्हा बलुते मागावे असे कोणी म्हणणार नाही. परंतु पोटाचा धंदा सुटला म्हणून हाताचे ज्ञानही सोडावे काय? नेपोलियनच्या युद्धांत इंग्लंडच्या कैदेत पडलेल्या फ्रेंच खलाशांनी जेवणातील हाडे जपून ठेवून त्यांची सुरेख जहाजे कोरली; ती आजही संग्रहालयांत पाहावयास मिळतात. कैद्याला हाडांतून जे साधले ते आपणांस हळदूतून साधू नये काय?

हा छंद मुलांचाच आहे असेही समजू नका. माझ्या जहाजाच्या दोऱ्या माझी नात बांधते. डोलकाठीपासून खाली येणाऱ्या शेकडो दोऱ्या, त्यांच्या गाठी आणि ताण यांत माझे म्हातारे बोट तिच्या बोटाची बरोबरी करू शकत नाही. परवा एक गाठ आतल्या बाजूस चुकली होती. मी म्हटले, "राहू दे, बाई, कोणाला दिसणार आहे?" ती म्हणाली, "आबा, मला दिसते ना!" आणि तिने ती सोडून पुन्हा बांधली. माझे वडील असते तर हेच बोलले असते. राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल शाखेत नौकांच्या प्रतिकृतींची स्पर्धा असते. आपल्या मुलामुलींनी तिकडेही लक्ष द्यावे.

शेवटी मंडळापुढे दोन विनंत्या ठेवतो. पहिली, मंडळाच्या सभागृहात एक कपाट असावे आणि घरोघरच्या माळ्यांवर, ओसरीवर पडलेली जुनी हत्यारे, वाकस, गिरमिट, सामता, गुण्या, जे असेल ते, ज्यांची त्यांच्या नावाने त्यात ठेवावी. दुसरी, आठवड्यातून एक संध्याकाळ मुलांसाठी तेथे काष्ठकामाचा वर्ग भरावा. शिकविण्यास मी येईन. मानधन नको, एक बाक आणि चांगला उजेड पुरे. आरंभ जहाजाने करू नये. तान्ह्या पोळ्याच्या नंदीने करावा. नंदी साधला की नौका साधेल.

आणि घरी गेल्यावर एवढे करा. ओसरीवर वडिलांची पेटी असेल तर ती उघडा, हत्यारांना तेल लावा, आणि कोणाला देण्यापूर्वी एकदा मुलांना विचारा. मी विचारले नव्हते.