गावाच्या नावाची खोली

मुंबईतल्या वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या. तिथे पुनर्विकासात १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी आता ५०० चौरस फुटांचं घर मिळतंय, याचा आनंदच आहे.

पण गिरणगावात, म्हणजे मुंबईच्या कापड गिरण्यांच्या भागात, काही खोल्या एका कुटुंबाच्या नव्हत्याच, अख्ख्या गावाच्या होत्या. पाळीप्रमाणे झोपणारे गिरणी कामगार, भिंतीलगत पत्र्याच्या ट्रंका, खुंटीला टांगलेले टाळ. गावचा माणूस केईएम रुग्णालयात दाखवायला आला, की इथेच उतरायचा. भाडेपावती मात्र बहुधा एकाच्याच नावावर, आणि वर्गणी गावच्या मंडळातल्या साऱ्यांची! पुनर्विकासात अडतं ते इथेच.

म्हणून मंडळांनो, नोंदणीचा दाखला, जुनी इतिवृत्तं, वीजबिलं आजच एकत्र करा. खोलीची किल्ली देण्याआधी मंडळाच्या जागेचं लेखी घ्या.